ऐंशी वर्षांचे झाड आणि एका पावसाळ्याचा हिशेब

सार्वजनिक वनांविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गात एक समजूत इतकी घट्ट रुजली आहे की ती तपासून पाहण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. या समजुतीनुसार वनाची दीर्घ मुदतीची आयोजना म्हणजे कार्यालयाच्या कपाटात पडून राहणारा जाडजूड ग्रंथ होय. वन आपले आपण वाढते, माणसाने हात लावला नाही म्हणजे झाले. आणि काही करावेसे वाटलेच तर पावसाळ्याच्या तोंडाशी खड्डे खणून रोपे लावावीत, की वनाविषयीचे कर्तव्य पार पडले. ही समजूत पर्यावरणप्रेमी नागरिक बाळगतात, वृत्तपत्रांचे अग्रलेख तिला दुजोरा देतात, आणि ज्यांच्या खांद्यावर आयोजना तयार करण्याची व पाळण्याची जबाबदारी आहे असे काही अधिकारीही खाजगीत तीच बोलून दाखवतात. राज्याच्या भूभागापैकी साधारण पाचवा हिस्सा ज्या खात्याच्या दप्तरी वन म्हणून नोंदलेला आहे, त्या हिश्शाचे पुढच्या शंभर वर्षांत काय व्हावे, हा प्रश्न या समजुतीमुळे सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत वन मोजते आहे.

प्रथम आयोजना म्हणजे काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्यावर टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती उघडून पाहिलेली असते. वन खात्याच्या भाषेत तिला ‘कार्य आयोजना’ म्हणतात. एका वनविभागातील सगळे क्षेत्र लहान लहान कक्षांत विभागलेले असते. वनरक्षकापासून मजुरापर्यंत सर्व जण त्यांना कंपार्टमेंटच म्हणतात. प्रत्येक कक्षाला क्रमांक असतो आणि त्याचा स्वतंत्र इतिहास लिहिलेला असतो: तिथे कोणती झाडे किती घेराची आहेत, बियांपासून व खोडाच्या फुटव्यांपासून नवी रोपे येत आहेत की नाहीत, आग कधी लागली, चराई किती होते, मागे कूप कधी पडले, म्हणजे त्या वर्षीच्या तोडीसाठी कोणता भाग नेमून दिला होता, आणि तोडीनंतर तिथे काय उगवले. या नोंदींच्या आधारे सारख्या प्रकृतीचे कक्ष एकत्र करून त्यांची ‘कार्यवर्तुळे’ आखली जातात, म्हणजे कुठे तोड, कुठे केवळ संरक्षण, कुठे बांबू, कुठे मृदसंधारण, हे ठरवले जाते. आयोजनेची मुदत साधारणपणे दहा वर्षांची असते. मात्र तिच्यामागचा हिशेब ‘आवर्तना’चा असतो. आवर्तन म्हणजे झाड रुजल्यापासून ते परिपक्व होऊन तोडीला येईपर्यंतचा काळ. सागाच्या वनासाठी ऐंशी वर्षांचे आवर्तन धरले, तर एका झाडाच्या आयुष्यात आठ आयोजना येऊन जातात, आणि तेवढ्या काळात त्या परिक्षेत्रातील वनक्षेत्रपाल किती वेळा बदलतात याची गणती कोणी ठेवत नाही. माणसे बदलत असताना वनाची स्मृती टिकवून धरणारी व्यवस्था आयोजनेवाचून दुसरी कोणती आहे?

वनाला हात लावू नये, ते आपोआप सावरते, हा या समजुतीचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत भोळा भाग आहे. जिथे माणसाचा वावर शतकानुशतके नव्हता, अशा एखाद्या दुर्गम खोऱ्याविषयी हे म्हणणे कदाचित खरे असेल. भारतातील बहुतेक सार्वजनिक वनांविषयी ते खरे नाही, कारण ही वने चराई, आग, मोहफुलांची वेचणी, तेंदूपानांची तोडणी आणि लाकूडफाटा यांच्या सोबतीनेच घडली आहेत. राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण याबाबतीत निर्णायक आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पाणथळ क्षेत्रात १९८२मध्ये गावकऱ्यांच्या म्हशींची चराई बंद करण्यात आली, त्यावरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. म्हशी हटल्या म्हणजे पक्ष्यांना निवांतपणा मिळेल, असा या निर्णयामागचा विश्वास होता. त्याच काळात तिथे सुरू असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते या विश्वासाच्या उलट होते: म्हशी चरत होत्या तोवर पाण्यावर पसरणारे गवत आटोक्यात राहत होते, आणि त्या गेल्यावर गवताने उथळ पाणी व्यापून टाकले आणि मोकळ्या पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची जागा हिरावून घेतली. आधी निरीक्षण, मग निर्णय, मग त्याच्या परिणामांची मोजणी हा क्रम पाळला असता, तर ही चूक टळली असती. आणि हाच क्रम नेमाने पाळण्याला आयोजना म्हणतात. माणसे मेली, पक्ष्यांचेही भले झाले नाही, आणि हे सारे वनाला हात लावू नये या तत्त्वाच्या नावाने घडले. त्या तत्त्वाला भाबडे म्हणून सोडून देता येईल काय?

विदर्भातील कोणत्याही परिक्षेत्रात फिरणाऱ्याला याच मुद्द्याचा दुसरा पुरावा रस्त्याच्या कडेला दिसतो. घाणेरी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणून या देशात आलेली वनस्पती, एकदा मोकळ्या जागी शिरली की खालची जमीन झाकून टाकते, गवताला उजेड मिळू देत नाही, सागाची किंवा ऐनाची रोपे वर येऊ देत नाही, आणि वाळली की उन्हाळ्यात आगीला सरपण पुरवते. ती काढायची तर मुळासकट काढावी लागते, आणि काढल्यावरही पुढची काही वर्षे त्याच कक्षात परत परत जावे लागते, कारण पाखरे तिचे बी आणून टाकतच राहतात. ज्या कक्षात यंदा घाणेरी काढली त्याच कक्षात पुढील वर्षी आणि त्याच्याही पुढील वर्षी जायचे आहे, हे कोणी आणि कुठे लिहून ठेवायचे? जंगल आपोआप सावरेल असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर दिलेले नाही.

वन घडवण्यासाठी झाडे लावणे पुरेसे आहे, हा समजुतीचा दुसरा भाग अधिक घातक ठरला आहे, कारण त्याला राज्यकर्त्यांचा आश्रय मिळाला. महाराष्ट्रात २०१६मध्ये दोन कोटी, २०१७मध्ये चार कोटी, २०१८मध्ये १३ कोटी आणि २०१९मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. रोपे लावण्याला कोणा शहाण्या माणसाचा विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो लावलेल्या रोपांची संख्या हेच वनाच्या प्रकृतीचे माप मानण्याला. दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने लावले तर एका हेक्टरात २,५०० रोपे मावतात. पण सागाच्या पक्व वनात त्याच हेक्टरावर अडीच हजार मोठी झाडे उभी राहू शकत नाहीत, थोडीच राहतात, आणि मधल्या सगळ्या दशकांत ‘विरळणी’ करावी लागते, म्हणजे कमजोर, वाकडी, दाटीत सापडलेली झाडे ठरावीक वर्षांनी काढून उरलेल्यांना जागा द्यावी लागते. विरळणी वेळेवर झाली नाही तर सगळीच झाडे काठीसारखी बारीक राहतात. पहिला खड्डा खणण्याचा समारंभ होतो, विरळणीचा होत नाही. तिची आठवण फक्त आयोजनेत असते. अभियानाचा हिशेब एका पावसाळ्याचा असतो, झाडाचा ऐंशी वर्षांचा. हे दोन हिशेब जुळवण्याची जबाबदारी कोणाची, हे अभियानाच्या कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

जिथे झाडे लावणेच चूक असते, तिथे हा दोष अधिक उघडा पडतो. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेत पसरलेली माळराने कागदोपत्री अनेक ठिकाणी ‘वन’ आहेत, पण त्यांची मूळ प्रकृती गवताची आहे. नान्नजचे अभयारण्य ज्या माळढोकासाठी ओळखले गेले, त्या पक्ष्याला उघडी, दूरवर दिसणारी जमीन लागते. धाविकालाही तीच लागते, आणि लांडग्याचे जगणेही याच माळांशी जोडलेले आहे. अशा जमिनीला ‘ओसाड’ ठरवून तिच्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली, की आकडेवारीत वन वाढते आणि प्रत्यक्षात एक जिवंत परिसंस्था नाहीशी होते. कक्षाचा इतिहास वाचून काम करणाऱ्याला ही चूक करणे अवघड असते, कारण त्या इतिहासात ती जमीन गवताची म्हणून नोंदलेली असू शकते आणि नसली तर तशी नोंदवण्याची जागा तिथे असते. उद्दिष्टाचा आकडा वरून घेऊन काम करणाऱ्याला मात्र मोकळी जमीन दिसली की ती खड्ड्यांसाठीच आहे असे वाटते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणारे लोकही अधिक जाणते आहेत. कार्य आयोजना ही इंग्रजी सत्तेची देणगी आहे, लाकूड काढण्याचा तो परवाना होता, आणि तिच्या नावाखाली आदिवासींचे हक्क हिरावले गेले, असे ते म्हणतात. यातील इतिहास खरा आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस १८५६मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी वनांचा अधीक्षक झाला आणि १८६४मध्ये भारताचा पहिला वन महानिरीक्षक. सागाची घेरानुसार वर्गवारी करून, खालच्या वर्गातील जितकी झाडे वरच्या वर्गात चढतील तितकीच वरच्या वर्गातील तोडायची, हा मोजणीवर उभा असलेला नियम त्याने पेगूत लागू केला. पुढे १८७८च्या कायद्याने वने राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणारे लोक स्वतःच्याच जंगलात गुन्हेगार ठरले. हे सारे मान्य करूनही आक्षेपाचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. हक्क हिरावले ते कायद्याने आणि बंदोबस्ताने. मोजणीने ते हिरावलेले नाहीत. ब्रँडिसच्या नियमात जे शहाणपण आहे, म्हणजे वाढीइतकेच काढावे, ते इंग्रजांच्या मालकीचे नाही; गावाच्या देवराईला हात न लावणाऱ्या आणि मोहाचे झाड न तोडणाऱ्या माणसालाही ते ठाऊक असते.

आयोजनेचे खरे अपयश कुठे असते, हे कर्नाटकातील बांबूच्या प्रकरणात दिसून येते, आणि आक्षेपकांनी ते लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. १९५८मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबू कागद गिरणीला टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र दराने देण्यात आला; उत्पादनाचे अंदाज फुगवलेले होते, आणि काही वर्षांतच बांबू संपत चालला. राज्य सरकारच्या सांगण्यावरून पुढे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. बांबूच्या बेटाभोवती जे काटेरी जाळे असते ते साफ केल्याने बेट निरोगी राहते, असे शास्त्र म्हणून सांगितले जात होते. प्रत्यक्षात ते जाळे काढल्यावर गुरांना आणि इतर प्राण्यांना नवे कोंब खायला मोकळी वाट मिळत होती. काटे कोंबांची राखण करतात, हे तिथल्या गावकऱ्यांना आधीपासून माहीत होते. या प्रकरणातून आयोजनाच नको असा धडा निघत नाही. आयोजना बंद खोलीत झाली, तिचे आकडे कोणी परत मोजून पाहिले नाहीत आणि ज्यांना वन ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही, एवढाच धडा त्यातून निघतो. लेखी आयोजना असल्यामुळेच तिचे अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पादन यांची तुलना करता आली, तिची चूक दाखवता आली. जिथे काही लिहिलेलेच नसते तिथे चूक सिद्ध करायची कशाच्या आधारे?

सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी जो आदेश दिला, त्याचा अर्थही याच दिशेने जातो. केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसार होणारी तोड वगळता देशातील सर्व वनांमधील वृक्षतोड त्या आदेशाने थांबवली गेली. ज्या दस्तऐवजाला तोडीचा परवाना म्हणून हिणवले जाते, तोच दस्तऐवज नसेल तर कुऱ्हाड चालू शकत नाही, अशी स्थिती त्या दिवसापासून आहे. आयोजनेत लिहिल्यापेक्षा वेगळे काही करायचे झाले तर त्याची ‘विचलन’ म्हणून स्वतंत्र नोंद करून मंजुरी घ्यावी लागते. आयोजना नको म्हणणारे लोक वनाच्या हातातून त्याची ही ढालच काढून घेत आहेत.

गावांना आयोजना जमणार नाही, ते काम प्रशिक्षित अधिकाऱ्यांचेच आहे, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांपलीकडे जावे लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क २००९मध्ये मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधी अनेक वर्षे तिथे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी अभ्यासगट चालवले होते आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त रुजवली होती. हक्क मिळाला तेव्हा तो पेलण्याची तयारी आधीच झालेली होती. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२मध्ये सुमारे एक हजार हेक्टर वनावर असाच हक्क मिळाला. त्या गावाने तेंदूपाने न तोडण्याचे ठरवले, कारण चांगली पाने मिळावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात, आणि त्याने वनाचे नुकसान होते. हाताशी आलेले रोख उत्पन्न वनाच्या भल्यासाठी सोडून देणारा हा निर्णय दीर्घ मुदतीची आयोजना नव्हे तर दुसरे काय आहे?

बांबूचे अर्थशास्त्रच असे आहे की उतावळेपणा त्यात लगेच उघडा पडतो. मानवेल बांबूच्या बेटातून दर तीन-चार वर्षांनी ठरावीक काठ्या काढता येतात, पण त्या वर्षी उगवलेल्या कोवळ्या काठ्या तोडायच्या नसतात, काही जुन्या काठ्या आधारासाठी ठेवायच्या असतात, पावसात तोड करायची नसते आणि खालचा कंद खणायचा नसतो. वास्ते, म्हणजे पावसाळ्यात वर येणारे कोंब, भाजीसाठी किती काढायचे याचेही प्रमाण ठेवावे लागते. शिवाय मानवेल साधारण चाळीस वर्षांच्या आसपास, प्रदेशानुसार कमी-अधिक काळाने, एकगठ्ठा फुलोऱ्यावर येतो, बी टाकतो आणि मरून जातो. त्यानंतरची काही वर्षे नव्या रोपांना आग आणि गुरे यांपासून जपले नाही, तर त्या डोंगरावरून बांबू नाहीसा होतो. ग्रामसभेचे आजचे अध्यक्ष, आजचे वनपाल आणि आजचे ठेकेदार यांपैकी पुढच्या फुलोऱ्याच्या वेळी त्या पदावर कोणीही नसेल. ते गाव मात्र तिथेच असेल.

कायदाही यापेक्षा वेगळे सांगत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला, आणि २०१२च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या समितीवर संरक्षण व व्यवस्थापनाची आयोजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. समितीला आवश्यक वाटतील त्या बदलांसह ती खात्याच्या आयोजनेशी जोडून घ्यायची आहे. म्हणजे हक्कामागोमाग आयोजना येते, हे कायद्यालाही मान्य आहे. हक्काचा आग्रह धरणाऱ्या ज्या कार्यकर्त्यांना आयोजना हे खात्याचे लोढणे वाटते, ते हक्काचा अर्धाच भाग मागत आहेत. आणि ग्रामसभेची आयोजना बाजूला ठेवून स्वतःचीच पुढे रेटणारे अधिकारी कायदा मोडत आहेत.

हवामान इतक्या वेगाने बदलत आहे की दहा वर्षांचे आडाखे निरर्थक ठरतात, हा आणखी एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. त्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. पाऊस उशिरा येतो, उन्हाळे लांबतात, हे खरे मानले तर जुन्या नोंदी अधिकच मोलाच्या ठरतात, कारण एका कक्षात तीस वर्षांपूर्वी रोपे येत होती आणि आता येत नाहीत, हे त्या नोंदींवाचून कळणार कसे? आयोजनेची मध्येच फेरतपासणी करता येते. नोंदच नसलेल्या वनाची फेरतपासणी करता येत नाही.

या समजुतीच्या तळाशी एक नैतिक उदासीनता आहे, आणि तिचाच खरा राग यावा. सार्वजनिक वनाचे मालक केवळ आजचे मतदार नाहीत. ज्यांचा जन्म अजून व्हायचा आहे तेही त्या वनाचे मालक आहेत, आणि त्यांच्या वतीने कोणत्याही सभेत कोणी उभे राहत नाही. त्यांचा वाटा राखण्याचा एकच मार्ग आजवर माणसाला सापडला आहे: किती आहे ते मोजणे, किती काढायचे ते लिहून ठेवणे, आणि लिहिल्याप्रमाणे झाले की नाही ते सर्वांसमोर वाचून दाखवणे. यातील तिसरी पायरी महाराष्ट्रात जवळजवळ कुठेच नाही, आणि आयोजनेविषयीचा तिटकारा वाढण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. कार्य आयोजना बहुतेक इंग्रजीत लिहिल्या जातात, त्या ज्या गावांच्या शिवाराविषयी असतात तिथे पोहोचत नाहीत, आणि ज्या वनरक्षकाने त्या अमलात आणायच्या त्याच्याही हाती त्यातील एखादेच पान येते.

म्हणून वन खात्याने आणि ग्रामसभांनी मिळून वर्षातून एकदा, गावाच्या शिवारात येणाऱ्या प्रत्येक कक्षाचा इतिहास आणि पुढील वर्षाची ठरलेली कामे मराठीत, आणि जिथे गोंडी वा कोरकू बोलली जाते तिथे त्या भाषेतही, सर्वांसमोर वाचावीत. मागील वर्षी ठरलेले कोणते काम झाले नाही आणि का, हे त्याच सभेत नोंदवावे. आणि ती नोंद पुढच्या आयोजनेचा भाग व्हावी. महाराष्ट्रातील वनांमध्ये आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. हे वाचन त्याच्या आधी, जानेवारीत, जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून आखलेले पट्टे, जाळून तयार होत असतानाच व्हावे.